गाडी भावजींना, बोनस कुणाला?

पत्र : आमची हॅचबॅक नऊ वर्षांची झाली. गाडी माझ्या नावावर आहे, विमाही माझ्याच नावे. पाच-सहा वर्षांपूर्वी बंपरचा एक क्लेम घेतला होता, त्यानंतर एकदाही नाही. सध्याच्या पॉलिसीवर ४५ टक्के नो क्लेम बोनस दिसतो आणि तिची मुदत अजून दोन महिने आहे. आता नवी गाडी घ्यायची आहे. जुनी गाडी धाकटे दीर घेणार आहेत. ते म्हणतात, 'वहिनी, घरातलंच आहे, नावाचं नंतर बघू. विमा तर चालू आहेच.' नवी गाडी मुलाच्या नावावर घ्यावी असं यजमानांचं म्हणणं आहे. शोरूममधला मुलगा म्हणतो, विम्याची काळजी करू नका, आम्ही सगळं करून देतो, फक्त पॉलिसी आमच्याकडूनच घ्या, नाहीतर कॅशलेस मिळणार नाही. आणि माझी बहीण म्हणते की जुनी पॉलिसीच नव्या गाडीवर चढवता येते. दोन महिने थांबून बोनस ५० टक्के करून घ्यावा का, हाही प्रश्न आहेच. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात चार सल्लागार आहेत आणि चौघेही थोडे थोडे चुकले आहेत. विम्याच्या भाषेत तुमच्या जुन्या गाडीचे तीन तुकडे होतात आणि ते तीन वेगळ्या वाटांनी जातात. पॉलिसी गाडीच्या मागे जाते, बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, माणसाच्या मागे जातो आणि जबाबदारी आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याच्या दारात बसून राहते. तुम्ही ज्याला 'विमा' म्हणताय, त्यात हे तिन्ही एकत्र धरले आहेत. म्हणून गोंधळ.

आधी भावजींचं बघू, कारण खरा धोका तिथे आहे. बोनसचे पैसे गेले तर काही हजार जातील. 'नावाचं नंतर बघू' या वाक्यात किती जातील ते सांगता येत नाही.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे ती व्यक्ती. पैसे कुणी दिले, किल्ली कुणाकडे आहे, गाडी कुणाच्या अंगणात उभी असते, याला तिथे फारशी किंमत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. गाडी एकाने विकली, घेणाऱ्याने दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला दिली, आणि या सगळ्यात आरसीवरचं नाव पहिल्याचंच राहिलं. पुढे अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. अपघातग्रस्ताने हस्तांतरांच्या साखळीमागे धावत बसायचं नाही. ज्याने गाडी कधीच विकून टाकली होती, त्याच्यावर भरपाईचा बोजा आला.

भावजी सज्जन असतील, आहेतच. पण त्यांच्या हातून किंवा त्यांनी ज्याला गाडी दिली त्याच्या हातून काही झालं, तर नोटीस तुमच्या नावाने येईल. त्यांनी पुढच्या वर्षी विमा भरायला उशीर केला आणि नेमकी त्याच दिवसांत धडक झाली, तर पुढे कोण उभं राहणार, याचा विचार करा. मी वीस वर्षं अपघातातल्या गाड्यांची पाहणी केली. कागद सर्वांत वाईट अवस्थेत कुठे सापडतात म्हणाल, तर घरातल्या घरात झालेल्या व्यवहारांत. परक्याला विकताना माणूस चार सह्या घेतो. मेहुण्याला, दिराला, साडूला देताना चहा घेतो.

मीही हेच केलं आहे, म्हणून बोलतोय. माझी जुनी स्कूटर एका ओळखीच्या माणसाला अशीच चहावर दिली. पुढचं वर्षभर सिग्नल तोडल्याची चलनं माझ्या मोबाइलवर येत होती. दर वेळी त्याला फोन, दर वेळी 'भरतो हो काका'. शेवटी ती मीच भरली आणि नाव बदलायच्या कागदांवर त्याच्या सह्या घ्यायला त्याच्या दुकानात जाऊन बसलो. चलनावर निभावलं, एवढंच नशीब.

तर, किल्ली देण्याआधी किंवा त्याच दिवशी फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज) यांवर सह्या. दोघेही एकाच राज्यातले असाल, तर तुम्ही चौदा दिवसांत आरटीओला विक्री कळवायची आणि भावजींनी तीस दिवसांत नाव बदलून घ्यायचं, असं कायद्याचं कलम ५० सांगतं. जुन्या गाडीवर कधी कर्ज होतं का? ते फिटलं असेल, पण आरसीवर बँकेचं नाव अजून असेल, तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे ते नाव काढायचा अर्ज. नाहीतर नाव बदलायचं काम तिथेच अडतं. कित्येकांना कर्ज फिटल्यावर सात वर्षांनी कळतं की कागदावर गाडी अजून बँकेकडे गहाण आहे.

आता 'विमा तर चालू आहेच' हे वाक्य. अर्धं बरोबर आहे. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की पॉलिसी नव्या मालकाच्या नावे गेली असं मानलं जातं, आणि त्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपलं नाव चढवून घ्यायचं असतं. पण या आपोआप जाण्यावर भरवसा ठेवायचा तो थर्ड पार्टीपुरता, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्यापुरता. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो तुमचा आणि कंपनीचा आपसातला करार आहे. भावजी कंपनीला परके. त्यांनी नाव न चढवता गाडी भिंतीला घासली आणि क्लेम टाकला, तर कंपनी आधी विचारणार की ज्याच्या नावे पॉलिसी आहे त्याची ही गाडी आहे का? मग तुम्ही म्हणणार विकली, ते म्हणणार घेतली, आणि कंपनी म्हणणार, मग आमचा संबंध काय? असे वाद ग्राहक मंचांत वर्षानुवर्षं चाललेले आहेत. त्यात पडायचं कारण नाही. चौदा दिवसांत अर्ज करा, एन्डॉर्समेंट, म्हणजे नाव बदलल्याची पॉलिसीवरची नोंद, हातात घ्या.

हे नाव चढवताना कंपनी एक छोटी रक्कम मागेल, ती पाहून भावजींनी दचकू नये. पॉलिसीवरची ४५ टक्के सूट तुमच्या चांगल्या गाडी चालवण्याची होती, त्यांच्या नाही. म्हणून उरलेल्या दिवसांपुरती ती सूट कंपनी परत घेते. समजा, जुन्या गाडीचा सूट धरण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम वर्षाला ४,००० रुपये असेल, तर ४५ टक्के म्हणजे १,८०० आणि दोन महिन्यांचे त्यातले ३००. एवढ्यासाठी कुणी भांडू नये, पण कोण भरणार ते आधी बोलून घ्या. दोन महिन्यांनी त्यांचं स्वतःचं नूतनीकरण येईल तेव्हा त्यांचा बोनस शून्यापासून सुरू होईल, हेही आत्ताच सांगून टाका. 'वहिनींना एवढा कमी प्रीमियम यायचा आणि मला एवढा कसा' हा प्रश्न नंतर दिवाळीच्या फराळाच्या वेळी यायला नको.

बहिणीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. एकाच वर्गातली एक गाडी काढून तिच्या जागी दुसरी घालायची सोय मोटार विम्यात आहे, प्रीमियमचा फरक भरून. पण कोऱ्या गाडीला ती कामाची नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. तुमच्या पॉलिसीत उरलेत दोन महिने. शिवाय ती पॉलिसी तुम्ही काढून घेतली तर भावजींची गाडी उघडी पडेल, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणण्याला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जुनी पॉलिसी गाडीबरोबर जाऊ द्या. तुम्ही घेऊन यायचं ते फक्त बोनसचं पत्र.

हे पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही. शोरूमवाले क्वचितच आठवण करतात, कारण प्रीमियम कमी झाला की त्यांचंही थोडं कमी होतं. गाडी विकल्याचा पुरावा, म्हणजे सह्या झालेले फॉर्म २९ आणि ३०, हस्तांतराची पावती, झाली असेल तर नव्या नावाची आरसी, हे जोडून जुन्या विमा कंपनीला अर्ज करायचा की माझा नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं प्रमाणपत्र द्या. कुणी त्याला एनसीबी रिटेन्शन लेटर म्हणतात, कुणी नुसतं एनसीबी सर्टिफिकेट. ते तीन वर्षं चालतं. नवी पॉलिसी त्याच कंपनीची असली पाहिजे असंही नाही, कुठल्याही कंपनीकडे चालतं. फक्त कारचा बोनस कारलाच लागतो, दुचाकीला नाही.

इथे क्रम महत्त्वाचा. एक बोनस एका वेळी एकाच गाडीवर. जुनी गाडी तुमच्या नावावर, तुमच्या बोनससकट उभी आहे तोवर नव्या गाडीवर तो लावता येत नाही. म्हणून आधी जुनीचे कागद, मग पत्र, मग नवीची पॉलिसी. लोक नेमकं उलट करतात. मुहूर्तावर नवी गाडी आणतात आणि जुनीचं महिनाभराने बघतात. मुहूर्त पाळा, फक्त भावजींचे कागद त्याच्या आठ-दहा दिवस आधी उरका. मधल्या काळात गाडी नाही म्हणून थोडी गैरसोय होईल, भावजी दोन दिवस उसनी देतील.

दोन महिने थांबून ५० टक्के करून घ्यायचे का? माझं मत, थांबू नका. बोनसची पायरी पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०, आणि पुढची पायरी पूर्ण वर्ष बिनाक्लेमचं गेल्यावरच मिळते, हे खरं. पण समजा, नव्या गाडीचा मूळ ओन डॅमेज प्रीमियम १८,००० आहे. ४५ टक्क्यांनी ८,१०० वाचतात, ५० टक्क्यांनी ९,०००. फरक ९०० रुपये, तोही एकाच वर्षापुरता, कारण नव्या गाडीचं पहिलं वर्ष नीट गेलं की ५० वर पोचताच. नऊशे रुपयांसाठी दोन महिने कशाला? हां, एक जपा. विक्री लांबली आणि मधे पॉलिसीची मुदत संपली, तर नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण न केल्यास सगळा बोनस जातो. आणि या दोन महिन्यांत छोटासा क्लेम टाकायचा मोह झाला, तर आवरा. दोन हजारांच्या डेंटसाठी आठ हजारांचा बोनस जाताना मी कित्येकदा पाहिला आहे.

यजमानांचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. बोनस तुमचा, मुलाच्या नावावर गाडी घेतली तर तो त्याला मिळणार नाही. आई-मुलगा असले तरी विमा कंपनीला ते दोन वेगळे विमाधारक. (विमाधारकाचा मृत्यू झाला आणि तीच गाडी पतीकडे, पत्नीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे गेली, तर बोनस पुढे जातो. तो अपवाद आपल्याला नकोच.) मी हिशोब करून बघितला. तुमच्या नावावर घेतलीत आणि पाच वर्षं क्लेम झाला नाही, तर सूट ४५, ५०, ५०, ५०, ५० अशी जाईल. मुलाच्या नावावर शून्य, २०, २५, ३५, ४५. वर्षावर्षाचा फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५, एकूण १२० टक्के. म्हणजे पाच वर्षांत सव्वा वर्षाच्या आसपास ओन डॅमेज प्रीमियम. १८,००० धरले तर २१,६०० रुपये. गाडीची किंमत दर वर्षी उतरते तसा प्रीमियमही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी.

आता हे पैसे मालकी ठरवण्याएवढे आहेत का, ते तुम्ही घरात ठरवा. गाडी मुलगाच वापरणार, हप्ते त्याच्याच पगारातून जाणार, दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावी नोकरीला जाणार असेल, तर त्याच्या नावावर घ्या आणि बोनसचं पत्र कपाटात ठेवा, तीन वर्षांत तुम्ही दुसरी गाडी घेतलीत तर उपयोगी पडेल. पण 'आईच्या नावावर कशाला' एवढंच कारण असेल, तर ते कारण पुरेसं नाही. नऊ वर्षं गाडी तुमच्या नावावर होती, काही बिघडलं नाही. मुलाने चालवायला हरकत नाही, त्याच्याकडे वैध लायसन्स असलं की पॉलिसी चालते. कर्जासाठी त्याला सहकर्जदार करता येईल का, ते बँकेला विचारा. फक्त मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा जो मालक असेल त्याचाच असतो, मुलगा त्यात येत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागेल. आणि तुमच्याकडे दुसऱ्या गाडीबरोबर किंवा स्वतंत्रपणे १५ लाखांचा असा विमा आधीच असेल, तर तो पुन्हा घ्यायची सक्ती नाही. शोरूमच्या कोटेशनमध्ये तो दुसऱ्यांदा चढलेला सापडतो, बघून घ्या.

शोरूममधल्या मुलावर रागावू नका, त्याला टार्गेट असतं. पण विमा कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं, गाडी विकणाऱ्याला सक्ती करता येत नाही. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणं, ही शोरूमची मेहेरबानी नसते. त्या वर्कशॉपचा ज्या विमा कंपन्यांशी करार आहे, त्या सगळ्यांची पॉलिसी तिथे कॅशलेस चालते. म्हणून त्याला एवढंच विचारा, 'तुमच्या वर्कशॉपला कुठल्या कुठल्या कंपन्या चालतात?' यादी मिळाली की त्यातल्याच दोन कंपन्यांकडून बाहेरून कोटेशन मागवा. तुलना करताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तोच आणि जादा कव्हर तीच धरा, नाहीतर आयडीव्ही लाखभर कमी दाखवून स्वस्त केलेली पॉलिसी तुम्हाला फायद्याची वाटेल. थर्ड पार्टीवर घासाघीस करू नका, ते दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या नव्या कारचे तीन वर्षांचे १०,६४० रुपये होते, कुठल्याही कंपनीत तेवढेच. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये. बऱ्याचदा बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर शोरूमही तेवढ्यावर येतं. मग तिथेच घ्या, काही बिघडत नाही.

जुन्या गाडीची पॉलिसी होती तशीच नवीची घेऊ नका, हे मात्र सांगायला हवं. नऊ वर्षांच्या गाडीत झिरो डेपचा, म्हणजे भाग बदलताना घसाऱ्याचे पैसे न कापणाऱ्या कव्हरचा, विचार तुम्ही कधीच सोडला असेल. नव्या गाडीत तो घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, गाडी एक दिवसाची असली तरी, आणि आजच्या गाड्यांचं तोंड आणि पाठ सगळी प्लास्टिकची. बंपर फुटला की कळतं. पहिली दोन-तीन वर्षं रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडीच्या बिलाएवढी रक्कम देणारं कव्हर, हेही घेण्यासारखं आहे. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर साधी पॉलिसी आयडीव्ही देते, आणि आयडीव्ही पहिल्याच दिवशी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीहून पाच टक्के कमी, सहा महिन्यांनी पंधरा टक्के कमी धरतात. कर्जाचा मोठा भाग बाकी असताना ही दरी अंगावर येते. पावसात पाणी साचणाऱ्या भागातून रोजचं जाणं असेल, तर इंजिन प्रोटेक्शन. बाकी किल्लीचं कव्हर, टायरचं कव्हर, सामानाचं कव्हर ही मला लग्नातल्या पाकिटांवरच्या चकाकीसारखी वाटतात. परवडत असेल तर घ्या.

बोनस किती आहे हे नव्या कंपनीला सांगताना एक टक्काही वाढवून सांगू नका, आणि कुणी एजंट 'ताई, पन्नासच टाकतो' म्हणाला तर त्याला थांबवा. नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारून खातरजमा करते, आणि ती बहुधा क्लेमच्या वेळी नीट करते. तेव्हा चूक सापडली तर क्लेम कापला जातो किंवा नाकारलाही जातो. एजंट त्या वेळी फोन उचलत नाही.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी हार घालण्याआधी पॉलिसी उघडून बघा. सुरुवातीची तारीख आणि वेळ, तुमच्या नावाचं स्पेलिंग, बोनसची टक्केवारी, आणि इंजिन व चॅसिस नंबर. नव्या गाडीची पॉलिसी बहुधा नंबर मिळण्याआधीच निघते, त्यामुळे पॉलिसी आणि गाडी यांना जोडणारं तेवढंच काय ते असतं. नंबर मिळाला की तोही कळवून चढवून घ्या.

आणि भावजींना गाडी देताना पावती करा. साध्या कागदावर चालेल : गाडीचा नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या, तारीख आणि किती वाजता दिली ती वेळ. वेळेला हसतील, हसू द्या. त्याच दिवशी संध्याकाळी काही झालं तर तीच ओळ उपयोगी पडते. काचेवरचा फास्टॅगही काढून बंद करून घ्या, नाहीतर त्यांच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील आणि ते मागायला तुम्हाला संकोच वाटेल.